चार हजार दोनशे अकरा ओळी

हेमांगी तिडकेनं माझा कीबोर्ड बाजूला सारला आणि त्या जागी बारा काचेच्या ताटल्या ओळीनं मांडल्या. प्रत्येक ताटलीत तंबाखूच्या पानाचा एकेक तुकडा. पाच तुकडे शाईत बुडवल्यासारखे निळे. सात उकडलेल्या कोबीसारखे पांढरट.

"सर, ही पाच येतात, ही सात येईनात," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा केलंय. रसायन बदललं, रोपं बदलली, पाणीसुद्धा बदललं. तीच पाच येतात अन् तीच सात येत नाहीत."

"हात बदलून बघ," मी म्हणालो.

हा विनोद माझा नव्हता, आमच्या संस्थेचे प्रमुख खंदारे सर यांचा होता. कोणाचा प्रयोग फसला की सर म्हणायचे, प्रयोग हातात असावा लागतो. विनोद सरांचा असल्यामुळे तो वापरताना हसणं सक्तीचं होतं. हेमांगी हसली नाही.

"शुक्रवारी समिती आहे सर."

ते मला माहीत होतं. तिच्या पीएच.डी.ची दोन वर्षं संपत आली होती. तिसऱ्या वर्षाची फेलोशिप मिळणार की नाही, हे शुक्रवारी ठरायचं होतं. 'असमाधानकारक' असा शेरा पडला तर फेलोशिप जाणार आणि मागोमाग नोंदणीही. केजच्या ज्युनियर कॉलेजातली कायम झालेली नोकरी सोडून ती आली होती आणि त्या जागेवर आता दुसरं कोणीतरी कायम झालं होतं.

तिचा विषय ज्वारी. पाणी तुटलं की ज्वारीतली काही जनुकं जागी होतात. प्रत्येक जनुकाच्या अलीकडे अक्षरांचा एक पट्टा असतो, त्यात ते जनुक चालू-बंद करायची कळ असते. अशा बारा जनुकांच्या कळा हेमांगीला तपासायच्या होत्या. कळ उचलायची, तिला निळा रंग तयार करणारं एक जनुक जोडायचं, ते तंबाखूच्या पानात घालायचं. कळ खरी असेल तर पान निळं होतं. ऐकायला सोपं आहे, एकेका कळेला दोन-अडीच महिने लागतात.

आणि कळ कुठून कुठपर्यंत कापायची हे तिला मी सांगितलं होतं. म्हणजे माझ्या सॉफ्टवेअरनं.

ज्वारीचा जीनोम म्हणजे त्र्याहत्तर कोटी अक्षरं. चारच अक्षरांत लिहिलेला सलग मजकूर, ना स्वल्पविराम ना परिच्छेद. त्यातून हवा तो तुकडा काढून देणारी चांगली साधनं जगात तेव्हाही होती. फुकट होती, हजारो लोकांनी घासूनपुसून घेतलेली होती. पण ती काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवावी लागायची आणि त्यांच्यावर माझं नाव नव्हतं. म्हणून मी 'कात्री' तयार केली. पांढरा पडदा, मधोमध एक बटण, त्यावर 'कापा'. जनुकांची यादी द्या, बटण दाबा, प्रत्येक जनुकाअलीकडची हजार अक्षरं हातात.

कात्री वापरायला दाम नव्हता, फक्त एक रिवाज होता. ज्यानं वापरली त्यानं शोधनिबंधात माझं नाव घालायचं. तीन वर्षांत सात निबंधांवर मी लागलो होतो आणि या काळात मी एकाही रोपाला पाणी घातलं नव्हतं. कोणाचं काम कुठवर आलं, माझ्या पुढं किती नावं असतील, हे मला तोंडपाठ असायचं. कोणी निसटू नये म्हणून सरांच्या सहीचं एक परिपत्रकही मीच लिहून दिलं होतं. सर्व विद्यार्थ्यांनी केवळ संस्थेचेच सॉफ्टवेअर सक्तीने वापरावे.

"या सातांत काय सारखं आहे, तेवढं तुमच्या यादीत बघून सांगा की," हेमांगी म्हणाली.

मी तिची यादी उघडली. बारा ओळी. जनुकाचं नाव, गुणसूत्र, कुठून कुठपर्यंत, आणि शेवटच्या रकान्यात एक खूण, अधिक किंवा उणे. अधिक म्हणजे हे जनुक डावीकडून उजवीकडे वाचायचं. उणे म्हणजे उजवीकडून डावीकडे. उणे जनुकाची सुरुवात उजव्या टोकाला असते, त्यामुळे त्याची कळही उजवीकडेच असते.

मोजायच्या आधीच मला कळलं होतं. तरी मोजलं. पाच अधिक. सात उणे.

कात्री बाराच्या बारांच्या डावीकडची हजार अक्षरं कापत होती.

"काय दिसायलंय?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "योगायोग दिसतो."

तिनं ताटल्या एकावर एक रचल्या. "बघा सर, सवडीनं बघा. पण गुरुवारच्या आत सवड काढा."

ती गेल्यावर मी कात्रीचं पोट उघडलं. सुरुवातीच्या आवृत्तीत दिशेचा विचार होता, हे मला आठवत होतं. पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन होता, 'जनुकाची दिशा पाळा'. त्यात खूण केली की कात्री उणे जनुकांना उजवीकडून कापायची. तो चौकोन मी दोन वर्षांपूर्वी काढून टाकला होता. एक तर येणारा प्रत्येक जण विचारायचा, सर, हे काय आहे, आणि मला उठून सांगावं लागायचं. दुसरं म्हणजे मधोमध ते देखणं बटण आणि कोपऱ्यात हा एकटा चौकोन, कपाळाऐवजी गालावर चिकटलेल्या टिकलीसारखा दिसायचा. चौकोन काढला. काढताना त्यात खूण नव्हती, ती मागं तशीच राहिली, नसलेली.

चौकोन परत बसवायला नऊ मिनिटं लागली. त्यानंतर तासभर मी आकडेमोड केली. सात निबंध, त्यांत साधारण दोनशे जनुकं, त्यांतली निम्मी उणे धरली तर शंभरेक चुकीचे तुकडे. सहलेखक चौदा. सातही निबंधांत शेवटचं नाव खंदारे सरांचं. हेमांगीची दोन वर्षं मी या हिशोबात धरली नव्हती, हे मला बरंच नंतर लक्षात आलं.

चौकोन मी राहू दिला, पण करड्या रंगात, अगदी तळाशी, बारीक अक्षरात. आतून खूण करून ठेवायचं धाडस झालं नाही, कारण मग सगळ्यांचेच निकाल बदलले असते आणि लोक विचारत आले असते. बदलांच्या नोंदीत लिहिलं, आवृत्ती २.१, किरकोळ सुधारणा.

बुधवारी सकाळी माझी पिशवी खांद्यावरून उतरायच्या आत हेमांगी समोर उभी.

"सर, तो तळाचा चौकोन काल नव्हता."

"सुधारणा केली आहे."

"मी त्यात खूण करून बारा तुकडे परत काढले. पाच जसेच्या तसे आले. सात पार वेगळे."

"हं."

"त्या सातांच्या पुढं उणे आहे. मी यादी बघितली. तुम्हीही काल बघितली होती."

मी पिशवीतून डबा काढला, तो टेबलावर ठेवला, मग उचलून खणात ठेवला.

"म्हणजे गल्लीतल्या निम्म्या घरांची दारं पलीकडच्या बाजूला," ती म्हणाली, "अन् मी दोन वर्षं त्यांच्या परसातल्या भिंतीवर बेल शोधायलेय."

"असं म्हणता येईल."

"अन् वर तुम्ही मला हात बदल म्हणले."

"तो सरांचा विनोद आहे."

"शुक्रवारी तुम्ही सांगताय का मी सांगू?"

"तू सांगितलंस तर बहाणा वाटेल."

"म्हणूनच विचारायलेय."

"मी बघतो."

"बघतो म्हणजे सांगतो, का नुसतं बघतो?"

"आधी सरांच्या कानावर घालतो," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार जबाबदार वाटलं होतं.

खंदारे सर मोसंबी सोलत होते. जालन्याहून कोणीतरी पेटी पाठवली होती. मी सगळं सांगितलं, चौकोनासकट. ऐकता ऐकता सरांनी सालीची एक सलग पट्टी काढली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. काय चुकलं हा नाही, किती निबंध हा.

"सात," मी म्हणालो.

"सातही आपले."

"हो सर."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला. आणि हेमांगीला."

"ती सांगेल. विद्यार्थी काहीतरी सांगतच असतात," सरांनी एक फोड माझ्यापुढे केली. "पण तू बोललास की ते खरं होतं. तू शुक्रवारी ये, प्रोजेक्टर बघ. तोंड उघडायचं नाही."

"आणि तिचं सर?"

"तिचं काय. तिला कुठं तरी लावून देऊ. चिठ्ठी देतो मी. मुलगी कष्टाळू आहे."

फोड गोड होती. बाहेर आलो तेव्हा मला अगदी मोकळं वाटत होतं. सांगायचं होतं, सांगून झालं होतं. कोणाला सांगितलं हा तपशिलाचा भाग.

गुरुवारी मी हेमांगीच्या प्रयोगशाळेवरून जाणं टाळलं. कँटीनलाही उशिरा गेलो.

शुक्रवारी समितीत सरांखेरीज एकच व्यक्ती होती, बाहेरून आलेल्या डॉ. इनामदार मॅडम. ठेंगण्या, पांढरे केस कानामागं घट्ट बसवलेले, कापडी पिशवीतून स्वतःच्या पाण्याची बाटली काढणाऱ्या. शेरा त्यांनी लिहायचा आणि सरांनी खाली सही करायची, अशी पद्धत. मी मागच्या भिंतीशी, प्रोजेक्टरच्या वायरीपाशी बसलो.

हेमांगीनं सरळ सांगितलं. बारा जनुकं, पाच निळी, सात नाहीत. सातही उणे दिशेची. तुकडे चुकीच्या टोकाकडून कापले गेले. बरोबर तुकडे आता काढलेले आहेत, सात नव्यानं करायला वर्ष लागेल. तिनं कोणाचं नाव घेतलं नाही. आवाज फक्त एकदा, 'वर्ष' म्हणताना, जरा खाली गेला.

"कापले कशानं?" मॅडमनी विचारलं.

"कात्री नावाचं सॉफ्टवेअर आहे मॅडम."

"कोणाचं?"

हेमांगीनं माझ्याकडं बघितलं. मी प्रोजेक्टरकडं बघितलं. त्याचा पंखा व्यवस्थित चालू होता.

"असतं ना मॅडम इंटरनेटवर," खंदारे सर म्हणाले. "फुकट. कुठल्या तरी परदेशी विद्यार्थ्यानं केलेलं. मुलं उतरवून घेतात आणि तपासत नाहीत."

"परदेशी विद्यार्थ्यानं नाव कात्री ठेवलं?"

"ते आमची मुलं म्हणतात. मूळ नाव काहीतरी वेगळं असेल."

मॅडम हेमांगीकडं वळल्या. "तिडके, दुसऱ्याचं साधन दोन वर्षं वापरलंत आणि एकदाही हातानं तपासून पाहिलं नाहीत?"

"नाही मॅडम."

"एका जनुकाचं जरी तपासलं असतं तरी कळलं असतं."

"हो मॅडम."

"मग ही जबाबदारी तुमचीच होते. कष्ट दिसतायत, पण मला लिहावं लागेल."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. माझ्या जागेवरून तो कागद दिसत होता. शेऱ्याच्या चौकटीत त्यांनी तारीख लिहिली. मग 'अ' लिहिला. मी पाहत होतो. 'स' लिहिला. मी गप्प होतो. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढं लोकांनी या क्षणाबद्दल माझ्याविषयी बरंच काही बोलून ठेवलं आहे.

पेन चालू झालं तसे सर खुर्चीत सैलावले. आणि सैलावलेला माणूस गरजेपेक्षा दोन वाक्यं जास्त बोलतो.

"कच्चं काम असतं हो हे सगळं मॅडम," ते म्हणाले. "शे-दोनशे ओळींचा प्रोग्राम असेल. अकरावीतला पोरगा दिवाळीच्या सुट्टीत करील."

"चार हजार दोनशे अकरा," कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी मागं पाहिलं. मीही पाहिलं असतं, पण माझ्यामागं भिंत होती.

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"ओळी, मॅडम. चार हजार दोनशे अकरा. टिपा न धरता." मी उभा होतो. कधी उठलो ते आठवत नाही. "आणि ते इंटरनेटवरचं नाही. ते माझं आहे."

"तुम्ही परदेशी विद्यार्थी?"

"नाही मॅडम. मी चिपळूणचा."

हेमांगीला खोकल्याची उबळ आली. सरांनी छताच्या पंख्याकडं नजर लावली आणि ती पुढचा अर्धा तास तिथून काढली नाही.

मॅडमनी पेन आडवं ठेवलं. "चार हजार ओळी लिहिल्यात आणि दिशेचा विचार केला नाहीत?"

"केला होता," मी म्हणालो. हाही आरोप मला सहन होण्यासारखा नव्हता. "तसा चौकोन होता. मी काढला."

"का?"

"पडद्यावर बरा दिसत नव्हता."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. आयुष्यात मला एवढं लक्षपूर्वक कोणी ऐकलं नव्हतं, आणि खेदाची गोष्ट अशी की मला ते आवडत होतं.

"बाहेर चांगली साधनं असताना ही मुलं तुमचंच का वापरतात?"

"परिपत्रक आहे. सक्ती आहे."

"कोणी काढलं?"

"सही सरांची आहे. मसुदा माझा." आणि थांबता आलं असतं तरी मी पुढं म्हणालो, "'सक्तीने' हा शब्दही माझाच."

मॅडमनी ते परिपत्रक मागवलं, दोनदा वाचलं. मग शेऱ्याच्या चौकटीतली दोन अक्षरं आडव्या रेघेनं खोडली, बाजूला सही केली आणि खाली लिहिलं. फेलोशिप एक वर्ष वाढवावी. सदर साधन वापरलेल्या सर्व प्रकाशित निबंधांबाबत संस्थेने संबंधित नियतकालिकांना लेखी कळवावे. कागद त्यांनी सरांपुढं सरकवला. सरांनी न वाचता सही केली. न वाचता सही करायची त्यांना सवय होती, माझ्या परिपत्रकावरही त्यांनी तशीच सही केली होती.

सात पत्रं मी लिहिली. तीन निबंध मागं घेतले गेले, चारांना दुरुस्त्या जोडल्या गेल्या. चौदा सहलेखकांपैकी दोघं अजून माझ्याशी बोलतात. सरांनी मला वर्षभर ग्रंथालयाच्या संगणकांची देखभाल दिली.

पण गोष्ट मात्र बाहेर वेगळ्याच रूपात गेली. भर समितीत, प्रमुखांसमोर, एका मुलीचं भवितव्य वाचवण्यासाठी उकिडवे, म्हणजे मी, उभे राहिले आणि म्हणाले, ते माझं आहे. या वाक्यावर मी आजवर चार ठिकाणी 'संशोधनातील प्रामाणिकपणा' या विषयावर व्याख्यानं दिली आहेत. दोन शाली आल्या आहेत, एक बरी आहे. व्याख्यानात मी ओळींचा आकडा सांगत नाही, त्यानं ओघ तुटतो.

त्या शुक्रवारी समिती उठल्यावर मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होतो. कौतुकाची वाट पाहत होतो म्हटलं तरी चालेल. हेमांगी दारापाशी थांबली होती.

"सर, एक विचारू?"

"विचार ना."

"खंदारे सर दोनशेच्या जागी पाच हजार ओळी म्हणले असते तर?"

मी वायर गुंडाळत राहिलो. वायर संपली.

"तर गप्प बसलो असतो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. "मला वाटलंच. मॅडम लिहायलत्या तेव्हा मी कागदाकडं नाही, तुमच्याकडंच बघत होते."

मी वायरीचं वेटोळं प्रोजेक्टरवर ठेवलं.

"चला," ती म्हणाली. "सात तुकडे काढायचेत."

"तू बुधवारी काढलेस की."

"परत काढायचेत. तुम्ही काढा, मी बघते."

आम्ही माझ्या टेबलाशी बसलो. मी चौकोनात खूण केली, बटण दाबलं, सात तुकडे आले. हेमांगीनं कागद काढला. त्यावर तिनं त्या सात जनुकांच्या आसपासचा सगळा मजकूर मूळ जीनोममधून छापून आणला होता. पहिल्या जनुकाची सुरुवात तिनं पेन्सिलीनं गोल केली, तिथून उजवीकडं दहा-दहा अक्षरांचे गठ्ठे पाडत हजारापर्यंत गेली, मग पडद्यावरच्या तुकड्याशी एकेक गठ्ठा ताडून पाहिला. मग दुसरं जनुक. मधे कँटीनचे लिंबाजीमामा चहा ठेवून गेले, तो निवला. मी एक-दोनदा म्हणालो की इतकं करायची गरज नाही, आता प्रोग्राम नीट आहे. तिनं ऐकलं आणि गठ्ठे पाडत राहिली.

सातवा तुकडा जुळला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. तिनं त्यापुढं बरोबरची खूण केली, पेन्सिलीला टोक काढलं.

"जमलं," मी म्हणालो. "आता उठायचं?"

"ती पाच पण काढा."

"हेमांगी, ती पाच पहिल्यापासून बरोबरच आहेत."

"असतील," ती म्हणाली, आणि नवा कागद ओढून पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.